झोपेचा जमाखर्च : धावणाऱ्या तरुणांसाठी व त्यांच्या पालकांसाठी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची नामावली आणि विभागवार कामकाजाचा गोषवारा यांच्या जोडीला एखादा आरोग्यविषयक लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची प्रथमपासूनची इच्छा आहे. आजवर हे लेख आपल्या डॉक्टर मंडळींनी लिहिले. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधांच्या बिलांपुरता आणि यंत्रसामग्रीच्या घसाऱ्यापुरता. परंतु माझ्याच घरात घडलेली एक गोष्ट मी मंडळाच्या बैठकीत बोलता बोलता सांगितली, तेव्हा आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सुचविले, की हे तुम्हीच लिहा, शास्त्राची बाजू आम्ही तपासून देऊ. त्यांनी ती तपासून दिली आहे. मांडणीत काही उणे राहिले असल्यास तो दोष माझा समजावा.

हिंगोली शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे चार-साडेचारला उभे राहिल्यास एक दृश्य हमखास दिसते. अंधारात मुलामुलींचे जथे धावत असतात. कोणाच्या पायांत चांगले बूट असतात, कोणाच्या पायांत शाळेतले जुने कॅनव्हासचे, तर कोणी अनवाणीच. ही सारी भरतीची तयारी. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मोठे कारखाने येथे नाहीत, शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच असल्याने वर्दीचे आकर्षण लहानपणापासून मुलांच्या डोळ्यांसमोर असते. २०२४ मध्ये राज्यात पोलिसांच्या १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार, हा हिशेब मांडायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

अलीकडील भरतीच्या नियमांनुसार पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे, महिलांसाठी ८०० मीटर. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास पूर्ण २० गुण, आणि पुढे काही सेकंदांच्या टप्प्याटप्प्याने गुण उतरत जातात. म्हणजे उमेदवाराचे भवितव्य पंधरा-वीस सेकंदांवर अवलंबून असते. ते पंधरा-वीस सेकंद मिळविण्यासाठी मुले काय करीत नाहीत? खुराक वाढवितात, अकॅडमीचे शुल्क भरतात, बूट बदलतात, पहाटेचा गजर अर्धा तास अलीकडे ओढतात. यांतील शेवटचा उपाय बहुधा उलट फळ देतो, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा भरतीच्या तयारीसाठी सेनगाव तालुक्यातील आमच्या गावाहून हिंगोलीत माझ्याकडे राहावयास आला होता. मुलगा कष्टाळू, अंगाने काटक. रात्री अभ्यासिका बंद होईपर्यंत तो लेखी परीक्षेचा अभ्यास करी. जेवून अंथरुणावर पडेपर्यंत सव्वाबारा वाजत. पहाटे चारला त्याला उठविण्याचे काम मी स्वतःकडे घेतले होते. एखाद्या दिवशी तो कूस बदलून पडला, तर मी त्याला चार शब्द सुनावीत असे. आमच्या पिढीत जो झोपला तो हरला, हेच आम्ही ऐकत आलो होतो. तेच मी त्याला ऐकविले.

आला तेव्हा तो १६०० मीटर ५ मिनिटे २२ सेकंदांत पळत होता. सहा आठवड्यांनी तोच वेळ ५ मिनिटे ४३ सेकंदांवर गेला. मी म्हटले, मन लागत नाही. त्याने पळण्याचे अंतर वाढविले. पुढे उजव्या नडगीत दुखू लागले. त्याने ते लपविले, कारण चाचणी तोंडावर आली होती आणि काका रागावतील ही भीती होती. एके दिवशी पहाटे तो लंगडत परतला तेव्हा त्याला मी आपल्या रुग्णालयात आणले. क्ष-किरण छायाचित्रात नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली. सततच्या ताणाने पडलेली, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. डॉक्टरांनी त्याला किती पळतोस हे विचारले, कोणत्या रस्त्यावर पळतोस हे विचारले, बूट पाहिले, आणि मग विचारले, “किती झोपतोस?” पुतण्याने माझ्याकडे पाहिले. त्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागले : पावणेचार तास.

त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, एकाएकी वाढविलेले अंतर ही कारणे होतीच. सारा दोष झोपेच्या माथी मारणे डॉक्टरांनाही मान्य नव्हते. पण इस्रायलच्या सैन्यातील एक अनुभव त्यांनी मला सांगितला. तेथे नव्याने भरती झालेल्या पायदळाच्या जवानांमध्ये अशा हाडाच्या चिरा मोठ्या प्रमाणावर होत असत. बूट बदलण्यापासून अनेक उपाय झाले. अखेर रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि संचलनाचे एकूण अंतर कमी केले, तेव्हा हे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. पंचवीस वर्षांच्या या खटपटीची हकीकत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

त्यानंतर मी हा विषय जिज्ञासेने वाचू लागलो. जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो.

व्यायामाने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. व्यायामाच्या वेळी शरीराची मोडतोड होते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, साठविलेली साखर खर्ची पडते, हाडांवर ताण येतो. ही सारी खर्चाची बाजू. जमेची नोंद होते ती विश्रांतीत, आणि तिचा मोठा भाग झोपेत. डोळा लागल्यानंतर रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते. याच काळात मेंदूतील पोष ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक, ज्याला ग्रोथ हार्मोन म्हणतात, सर्वाधिक प्रमाणात रक्तात उतरते. स्नायू आणि हाडे यांच्या डागडुजीला त्याचा हातभार लागतो. तरुण पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकही झोपेवर अवलंबून असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा दिवसा मोजलेले त्यांचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरले. ताकदीसाठी अंडी आणि दूध यांवर खर्च करणाऱ्या पालकांनी या आकड्याकडे जरूर पाहावे.

रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचा प्रकार पालटतो. स्वप्नांची झोप, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात, पहाटेच्या सुमारास वाढत जाते. तिच्यासोबत हलकी झोपही असते. या काळात दिवसभरात शिकलेल्या हालचाली मेंदू पक्क्या करतो असे दिसून आले आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्यास शिकविले. शिकल्यानंतर जे रात्रभर झोपले त्यांचा वेग सकाळी सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि चुका वाढल्या नाहीत. तेवढेच तास जे जागेपणी घालवून परत आले, त्यांच्यात अशी सुधारणा नव्हती. मधल्या वेळात कोणीही सराव केलेला नव्हता. गोळाफेकीत पायाचा पवित्रा, मनगटाचा झटका, शर्यतीच्या प्रारंभी पहिली तीन पावले ही सारी याच जातीची शिकवण होय. जो मुलगा पहाटे चारला उठतो तो नेमका हाच हिस्सा कापून टाकतो. संध्याकाळी घोटविलेले पहाटे पक्के होण्याआधीच आपण त्याच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेतो.

झोप वाढविल्याने खेळ सुधारतो काय, याचाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणावर राहण्यास सांगण्यात आले. सराव नेहमीचाच होता. २८२ फुटांच्या धावेचा त्यांचा सरासरी वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आला, आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०११ चा. अकरा खेळाडू म्हणजे फार लहान नमुना, शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही आधीच उत्तम असलेल्या खेळाडूंमध्ये ही सुधारणा व्हावी, हे विचार करावयास लावणारे आहे. सात दशांश सेकंदाला मैदानावर काय किंमत असते हे भरतीच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता उणे बाजू पाहू. झोप अपुरी झाली म्हणजे एकाच झटक्यात लावावयाची ताकद फारशी घटत नाही. म्हणूनच एखादा पैलवान रात्रभर जागूनही सकाळी पहिले वजन सहज उचलतो आणि मला काही होत नाही असे म्हणतो. घट होते ती दीर्घ श्रमांत. त्याच वेगाने धावताना श्रम अधिक वाटतात, दम लवकर लागल्याची भावना होते, आणि मन पाय मागे खेचते. १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत, जेथे खरी कसोटी असते, तेथे हे उघडे पडते. शरीराचा साखरेचा व्यवहारही बिघडतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोप दिली, तेव्हा रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचविण्याची त्यांची क्षमता स्पष्टपणे मंदावली. रोगप्रतिकारशक्तीचेही तसेच. २०१५ च्या एका अभ्यासात १६४ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक आढळली. जून महिन्यात पावसात भिजत होणाऱ्या चाचणीसाठी हे लागू नाही असे कोण म्हणेल?

शाळकरी खेळाडूंच्या पालकांसाठी आणखी एक आकडा. अमेरिकेतील ११२ किशोरवयीन खेळाडूंच्या अभ्यासात (२०१४) असे दिसले, की आठ तासांहून कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट होती. चौदा ते सतरा या वयात आठ ते दहा तास आणि अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप आवश्यक मानली जाते. त्यात वयात येताना झोपेची घटिका निसर्गतःच पुढे सरकते. मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, याला नेहमी आळस हेच कारण नसते.

परंतु मला सर्वांत अधिक धक्का दिला तो २००३ च्या एका प्रयोगाने. ४८ निरोगी प्रौढांचे गट करून कोणाला आठ, कोणाला सहा, कोणाला चार तास झोप देण्यात आली. चौदा दिवस रोज सहा तास झोपणाऱ्यांची सावधानता इतकी घसरली, की ती पूर्ण जागरण केलेल्या माणसाच्या बरोबरीला आली. आणि त्यांना ते कळतच नव्हते. थोडी झोप येते आहे, बाकी ठीक आहे, असेच ते सांगत राहिले. कर्जदाराला आपले कर्ज वाढते आहे हेच ठाऊक नसावे, अशी ही स्थिती. मी पुतण्याच्या झोपेचा हिशेब एकदा कागदावर मांडला : रोजची सुमारे चार तासांची तूट, बेचाळीस दिवसांचे १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस आणि सात रात्री. आमचे डॉक्टर हसून म्हणाले, शरीर इतक्या सरळ आकडेमोडीने चालत नाही. रविवारी दहा तास झोपल्याने काही भरपाई होते, सारी होत नाही. पण म्हणून सात दिवस सलग झोपण्याचीही गरज नसते. काही आठवडे नियमाने पुरेशी झोप घेतली, की गाडी रुळावर येते.

येथे एक महत्त्वाचा खुलासा केला पाहिजे, कारण वरील मजकूर वाचून एखादा उमेदवार चाचणीच्या आदल्या रात्री झोप लागेना म्हणून घाबरून जाईल. एका रात्रीने काही बिघडत नाही. याविषयी सचिन तेंडुलकर यांचा अनुभव बोलका आहे. सेंच्युरियन येथे १ मार्च २००३ रोजी पाकिस्तानविरुद्ध झालेल्या विश्वचषक सामन्यापूर्वी सुमारे बारा रात्री आपल्याला नीट झोप लागली नव्हती, असे त्यांनी सांगितले आहे. त्या सामन्यात त्यांनी ७५ चेंडूंत ९८ धावा केल्या. पुढे २०२१ मध्ये एका जाहीर संवादात त्यांनी सांगितले, की कारकिर्दीतील दहा-बारा वर्षे सामन्यापूर्वीची बेचैनी आणि जागरण त्यांच्या वाट्याला आले. आरंभी ते त्याच्याशी झगडत. नंतर हाही आपल्या तयारीचाच भाग आहे असे त्यांनी मान्य केले आणि मन गुंतविण्यासाठी बॅग भरणे, कपड्यांना इस्त्री करणे, चहा करणे अशी साधी कामे करू लागले. एवढा मोठा खेळाडू झोप न लागण्याशी समझोता करतो, हे आपल्या मुलांनी ध्यानात घ्यावे. झोप येत नाही म्हणून घड्याळाकडे पाहत तळमळणे हे जागरणाहूनही अधिक थकविणारे असते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत या कुस्तीगिराचे वजन उपांत्य फेरीनंतर ६१.५ किलो भरले होते. ५७ किलो वजनगटासाठी त्याने रात्रभर जागून, घाम गाळून सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरविले आणि दुसऱ्या दिवशी कांस्यपदक जिंकले. अर्थात या उदाहरणाचे अनुकरण कोणीही करू नये. त्याच्यामागे डॉक्टर आणि प्रशिक्षकांचा ताफा होता. सांगावयाचे ते इतकेच, की आधीच्या महिन्यांत ज्याने शरीरात शिल्लक ठेवलेली असते, त्याला एक रात्र उसनी घेता येते. शिल्लकच नसेल तर मात्र धनादेश परत येतो.

आणि विश्रांती हिरावली गेली तर काय होते, याचे स्मरण महाराष्ट्राने कायम ठेवले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ आणि दमविणारी कुस्ती झाल्याबरोबर पुढच्या लढतीसाठी सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो ठासून सांगणारा एकही भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांनी कांस्यपदक आणले, पण तो अर्धा तास मिळता तर, हा प्रश्न आजही तालमीत विचारला जातो.

तालमीचा उल्लेख आला म्हणून एक शंका येथेच घेतो. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, पूर्वीचे मल्ल तर तीन-चारलाच उठत, ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व तुम्ही नाकारता काय? नाकारीत नाही. परंतु त्या मल्लांची पूर्ण दिनचर्या पाहावी. दिवेलागणीनंतर जेवण आटोपून ते लवकर आडवे होत. सकाळची मेहनत झाली की दुपारी पुन्हा झोप काढीत. त्यांच्या झोपेची बेरीज आजच्या आठ-नऊ तासांहून कमी नसावी. आपण त्यांच्या दिनचर्येतील पहाट तेवढी उचलली आणि सांज टाकून दिली. आयुर्वेदानेही आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. चरकसंहितेत दिवसा झोपण्याचा सर्वसाधारणपणे निषेध असला, तरी ग्रीष्म ऋतूत आणि श्रमाने थकलेल्यांना ती मुभा दिलेली आहे. आधुनिक क्रीडाशास्त्रही दुपारी वीस ते तीस मिनिटांच्या डुलकीला अनुकूल आहे. रात्री झोप कमी झाली असल्यास अशा डुलकीने दुपारनंतरची धाव सुधारते असे दिसले आहे. डुलकीनंतर अर्धा तास तरी मैदानात उतरू नये, कारण अंगातली सुस्ती जाण्यास तेवढा वेळ लागतो.

आता आपल्या जिल्ह्याचे. येथे झोप कमी होण्याची कारणे केवळ मोबाईल आणि चित्रपट नाहीत. कृषिपंपांना वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री अशी आळीपाळीने वीज मिळत आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जेथे वीज पोहोचली तेथे दिवसा पाणी देता येऊ लागले. पण ज्यांच्या वाट्याला रात्रीची पाळी येते, त्या घरातील तरणा मुलगाच बॅटरी घेऊन दारे धरावयास जातो. तोच पहाटे धावतो. वसमत, औंढा, कळमनुरी भागांत हळद शिजविण्याच्या दिवसांत भट्ट्या रात्री उशिरापर्यंत पेटलेल्या असतात. लग्नसराईतील वराती आणि गावोगावचे सप्ताह आहेतच. हरिनामाला माझा विरोध नाही, ध्वनिक्षेपकाचा आवाज दहानंतर बंद व्हावा एवढेच म्हणणे.

मुलींच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते. मुलगा धावून आला की त्याच्यापुढे दूध येते आणि तो पडून राहतो. मुलगी धावून आली की सडा-सारवण, पाणी आणि भाकरी तिची वाट पाहत असतात. रात्री सर्वांची जेवणे आटोपून भांडी झाल्याशिवाय तिला अंथरूण मिळत नाही. तिच्या ८०० मीटरच्या वेळेची चौकशी करणाऱ्या वडिलांनी आधी तिच्या झोपेची वेळ विचारावी. घरातील कामांची फेरवाटणी हा वैद्यकीय सल्ला नव्हे हे मी जाणतो, परंतु आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे वाक्य लेखात ठेवण्याचा आग्रह धरला.

काही व्यावहारिक गोष्टी. चाचणीचा दिवस बहुधा पहाटेच उजाडतो. तेव्हा निदान आठवडाभर आधीपासून झोपेची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी. पहाटे पाचला उठावयाचे असेल तर रात्री नऊला अंथरुणावर असलेच पाहिजे, यात तडजोड नाही. चहातील कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात शिल्लक असतो, म्हणून संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. मोबाईलचा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे ढकलतो. आणि प्रकाशाहूनही त्यातील भरतीच्या अफवा अधिक घातक असतात. आदल्या रात्रीपेक्षा त्या अगोदरच्या पाच-सहा रात्रींची झोप जपावी. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कदापि घेऊ नयेत; त्यांची गुंगी सकाळी पायांत उतरते. ताकद वाढविणारी म्हणून मैदानाच्या आसपास विकली जाणारी इंजेक्शने हा स्वतंत्र विषय आहे. त्यांपासून दूर राहावे इतकेच येथे सांगतो.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. ऊन आणि शरीरातील पाण्याची कमतरता ही तेथे चर्चिली गेलेली प्रमुख कारणे. परंतु दूरच्या गावाहून रात्रीच्या एसटीने निघालेला, स्थानकावर किंवा पदपथावर रात्र काढलेला, उपाशीपोटी रांगेत उभा राहिलेला तरुण उष्णतेशी झुंजण्यास आधीच दुबळा झालेला असतो. धावताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम एकाएकी थांबणे, बोलण्यात असंबद्धता येणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे. गुण पुढच्या वर्षी मिळतात.

पुतण्याची नडगी भरून येण्यास सुमारे तीन महिने लागले. त्यानंतर त्याने अभ्यास सकाळी आणि धावणे संध्याकाळी असा क्रम लावला. तसेही शरीराचे तापमान आणि स्नायूंची चपळाई दुपार उतरल्यावर वाढलेली असते. आमच्या घरातील दूरदर्शन संच नऊला बंद होऊ लागला, याबद्दल घरच्यांची तक्रार अद्याप आहे. पुढील चाचणीत तो १६०० मीटर ५ मिनिटे ७ सेकंदांत धावला आणि पूर्ण २० गुण मिळविले. लेखी परीक्षेच्या गुणवत्ता यादीत मात्र दोन गुणांनी मागे राहिला. सध्या तो पुन्हा तयारी करतो आहे. रात्री साडेनऊला झोपतो. सकाळी त्याला उठविण्यास मी आता जात नाही.

२०२४ च्या जूनमध्ये राज्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पावसाचे दिवस होते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या आपल्या धर्मशाळेतील वरच्या मजल्यावरील दालन बाहेरगावच्या उमेदवारांसाठी विनामूल्य खुले करावे, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आणि मंडळाने तो एकमताने संमत केला. सतरंज्या आणि मच्छरदाण्या एका देणगीदाराने दिल्या. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेनुसार देणगीदारांच्या यादीत नाही. मोबाईल रात्री नऊला चौकीदाराकडे जमा करावेत असा नियम केला, तेव्हा मुलांनी आरंभी बरीच कुरकुर केली. दिवे मालविल्यावर काही वेळ कुजबूज चाले. साडेदहाच्या सुमारास मी फेरी मारीत असे, तेव्हा आतून केवळ घोरण्याचा आवाज येई. या दालनासाठी आणखी वीस गाद्यांची आवश्यकता असून त्या वस्तुरूपाने देऊ इच्छिणाऱ्यांनी प्रशासकीय कार्यालयात संपर्क साधावा, ही विनंती.